अश्वांच्या वंशावळी व त्यांची परीक्षा

१. विषयाची मर्यादा

वंशावळ हें इतिहाससंशोधकाचें नेहमींचें साधन होय. देशमुख-देशपांड्यांचे करीने, कुर्सीनामे, मठांच्या गुरुपरंपरा, क्षेत्रोपाध्यायांच्या वह्या यांच्या आधारें आपण कुलाकुलांचे संबंध जोडतों. त्याच वेळीं आपण हेंहि जाणतों कीं, वतनाच्या वादांत उपयोगीं पडावी म्हणून लिहिलेली वंशावळ त्या वादाच्या सोयीप्रमाणें लांब किंवा आंखूड होते. मनुष्यांच्या जुन्या वंशावळी बाह्य पुराव्यानें तपासण्याची संधि क्वचित् मिळते. एका प्राण्याच्या बाबतींत मात्र ती मिळाली आहे. इंग्लंडांतील शर्यतीच्या घोड्यांची, म्हणजे ज्यांस थरोब्रेड म्हणतात त्यांची, वंशावळ दोन शतकांहून अधिक काळ छापून ठेविलेली आहे. तींतील कित्येक पूर्वजांच्या अस्थि संग्रहालयांत आहेत. त्यांचे वंशज हजारोंनीं जिवंत आहेत. आणि गेल्या पंचवीस वर्षांत शास्त्रज्ञांनीं या तिहींची सांगड घालून पाहिली आहे.

या परीक्षेंतून तीन प्रश्नांचीं उत्तरें मिळतात. लिखित वंशावळ कितपत खरी? ती खरी असल्यास वेग हा गुण कुलाबरोबर किती उतरतो? आणि कुल शुद्ध राखण्याची किंमत काय पडते? हे प्रश्न केवळ परदेशच्या शर्यतीपुरते नाहींत. आपल्या भीमथडी घोड्याच्या रक्षणाचा विचार आज चालू आहे, आणि त्या कामीं हीं उत्तरें प्रत्यक्ष उपयोगाचीं आहेत, हें लेखाच्या शेवटीं दाखविण्याचा हेतु आहे.

२. आपल्या ग्रंथांतील अश्वकुल

घोड्याच्या कुलाचा विचार आपल्याकडे फार जुना आहे. ‘आजानेय’ या शब्दाचा अर्थ अमरकोशांत कुलीन अश्व असाच दिला आहे. आणि वनायु, पारसीक, कांबोज, बाह्लीक हीं घोड्यांचीं देशवाचक नांवें तेथेंच आढळतात. कौटिलीय अर्थशास्त्राच्या अश्वाध्यक्षप्रकरणांत कांबोज, सैंधव, आरट्ट व वनायु येथील घोडे उत्तम. बाह्लीक, पापेय, सौवीर व तैतल हे मध्यम. बाकीचे कनिष्ठ, अशी प्रतवारी आहे. त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी कीं, राजाच्या अश्वशाळेंतील प्रत्येक घोड्याची नोंद कुल, वय, वर्ण, खुणा, वर्ग व आगम या सदरांखालीं करावी, अशी कौटिल्याची आज्ञा आहे. विकत आलेले, युद्धांत मिळालेले, शाळेंतच जन्मलेले, मदत म्हणून आलेले, तारण म्हणून ठेविलेले असे घोड्यांचे प्रकारहि तो वेगळे लिहावयास सांगतो. उत्तम घोड्याचें मुख बत्तीस अंगुलें, उंची त्याच्या चौपट, लांबी पांचपट हें मोजमाप, आणि रथाचा घोडा दिवसांत सहा, नऊ किंवा बारा योजनें व पाठीवर बसण्याचा घोडा पांच, साडेसात किंवा दहा योजनें चालावा हें कामाचें प्रमाण, हीं दोन्ही त्या प्रकरणांत आहेत. कुल, शरीर व काम हे तिन्ही निकष वेगळे ओळखणारा हा ग्रंथ आहे.

या निकषांत विरोध आला तर काय करावें, याचा उत्कृष्ट दाखला महाभारतांतील नलोपाख्यानांत आहे. ऋतुपर्णास एका दिवसांत विदर्भास पोंचवावयाचें असतां बाहुकानें, म्हणजे नलानें, कृश दिसणारे घोडे निवडले. राजास तें रुचलें नाहीं. पण नलानें सिंधुदेशांत जन्मलेल्या त्या घोड्यांचीं लक्षणें पाहिलीं होतीं व त्यांची शक्ति तो जाणत होता. वरून दिसणारें रूप व अंगांतील गुण हे एकच नव्हेत, ही ती कथा सांगते. मात्र नल ज्या आवर्तांवरून, म्हणजे भोंवऱ्यांवरून, घोडा पारखतो, त्यांवर पुढील अश्वशास्त्रकारांनीं व आपल्याकडील घोडे पारखणाऱ्यांनीं इतका भर दिला कीं, चांगलें जनावर केवळ भोंवरा अशुभ म्हणून नाकारलें जाऊं लागलें. खूण टिकली, परीक्षा मागें पडली.

कौटिल्याच्या नोंदींतील ‘कुल’ हें सदर पुढें कोणीं पिढ्यान् पिढ्या चालविल्याचा पुरावा मिळत नाहीं. अकबराच्या अमदानींत घोड्यांस दाग देण्याची व त्यांचें वर्णन लिहिण्याची पद्धति होती. ऐन-ई-अकबरींत अरबी, इराकी, मुजन्नस, तुर्की, याबू, ताजी व जंगला असे सात वर्गहि आहेत. पण दाग हा सैन्यांतील लबाडी रोखण्यासाठीं होता. पितामाता सांगण्यासाठीं नव्हता. दक्षिणेकडे तर घोडा मुख्यतः समुद्रावरून येई. सोळाव्या शतकांत गोव्याच्या पोर्तुगीजांनीं विजयनगरकडे जाणाऱ्या घोड्यांचा व्यापार आपल्या मुठींत ठेविला होता, आणि एकोणिसाव्या शतकांत मुंबई ही अरबी घोड्यांची मोठी पेठ होती. जेथें घोडा विकत मिळतो, तेथें त्याच्या बापाचें नांव लिहून ठेवण्याची गरज कोणास वाटत नाहीं.

३. इंग्रजी नोंदवही

इंग्लंडांत ही गरज शर्यतीनें उत्पन्न केली. सतराव्या शतकाच्या शेवटापासून अठराव्याच्या पूर्वार्धापर्यंत पूर्वेकडील अनेक नर घोडे तेथें आणण्यांत आले. त्यांपैकीं तिघांचाच पितृवंश आज अखंड चालू आहे. पहिला बायर्ली टर्क. हा कॅप्टन रॉबर्ट बायर्ली याचा लढाईंतील घोडा असून १६९० च्या बॉइनच्या युद्धांत होता. दुसरा डार्ली अरेबियन. हा टॉमस डार्ली यानें अलेप्पो येथें विकत घेऊन १७०४ मध्यें यॉर्कशरमधील आपल्या घरीं पाठविला. तिसरा गोडॉल्फिन अरेबियन; हा ट्यूनिसकडून फ्रान्समार्गें इंग्लंडांत आला व १७५३ मध्यें मेला. या तिघांच्या वंशांत अनुक्रमें हेरड (१७५८), एक्लिप्स (१७६४) व मॅचेम (१७४८) हे तीन वंशकर्ते निपजले, आणि पुढील सर्व थरोब्रेडांचे पितृवंश त्यांच्यापाशीं येऊन मिळतात.

यांत एक्लिप्सची कीर्ति विशेष आहे. १७६४ च्या एप्रिलच्या पहिल्या तारखेस सूर्यग्रहणाच्या दिवशीं तो जन्मला, म्हणून त्याचें तें नांव. १७६९ व १७७० या दोन वर्षांत तो अठरा शर्यती धांवला व एकदांहि हरला नाहीं. १७८९ मध्यें तो मेल्यावर त्याचा सांगाडा जपून ठेवण्यांत आला. पण या प्रसिद्ध घोड्याचा बाप कोण, हाच त्याच्या काळीं वाद होता. त्याची आई स्पिलेटा हिला त्या हंगामांत मार्स्क व शेक्सपियर असे दोन घोडे दाखविले होते, असें म्हणत. नोंदवहींत मार्स्क लिहिला गेला, आणि छापलेलें तें प्रमाण ठरलें.

वेदर्बी यानें सिद्ध केलेली ‘जनरल स्टड बुक’ ही नोंदवही १७९१ मध्यें प्रथम निघाली. म्हणजे पहिल्या शंभर वर्षांची वंशावळ ही मागाहून, खाजगी वह्या, शर्यतींचे जुने तक्ते व लोकांच्या आठवणी यांवरून जुळविलेली आहे. मूळ घोड्यांस ‘अरब’, ‘तुर्क’ किंवा ‘बार्ब’ हीं नांवें मिळालीं, तीं पुष्कळदां तो कोठून आला किंवा विकणारानें काय सांगितलें यांवरून. नोंद सुरू झाल्यावरहि लबाडी थांबली नाहीं. १८४४ ची डर्बी ‘रनिंग रेन’ या नांवाच्या घोड्यानें जिंकली. ती शर्यत तीन वर्षांच्या घोड्यांची असतां हा मॅकॅबीअस नांवाचा चार वर्षांचा घोडा होता, हें न्यायालयांत उघड झालें. कागद खरा होता. घोडा दुसरा होता.

४. नोंदवहीची परीक्षा

घोड्याच्या प्रत्येक पेशींत गुणसूत्रांच्या ३२ जोड्या असतात, आणि प्रत्येक जोडींतील एक गुणसूत्र बापाकडून व एक आईकडून येतें. यांत दोन धागे असे आहेत कीं, ते मिसळल्यावांचून उतरतात. ‘वाय’ गुणसूत्र बापाकडून मुलग्यास, त्याच्याकडून त्याच्या मुलग्यास, असें जवळजवळ जसेंच्या तसें जातें. पेशींतील तंतुकणिकांचें जनुकद्रव्य केवळ आईकडून येतें. यामुळें पितृवंश व मातृवंश हे दोन्ही, शेंकडों वर्षांनंतरहि, स्वतंत्रपणें तपासतां येतात.

प्रथम मातृवंश पाहूं. ब्रूस लो या ऑस्ट्रेलियन गृहस्थानें थरोब्रेडांच्या मूळ घोड्यांपासून निघालेल्या कुलांस क्रमांक दिले होते व त्याचें पुस्तक १८९५ मध्यें प्रसिद्ध झालें. एका क्रमांकाच्या कुलांतील सर्व वंशजांचें तंतुकणिकाद्रव्य एकच असावयास पाहिजे. २००२ मध्यें एमलिन हिल व त्यांचे सहकारी यांनीं हें ताडून पाहिलें, तेव्हां कांहीं कुलांत एकाच क्रमांकाखालीं भिन्न द्रव्यें आढळलीं. म्हणजे आरंभींच्या काळांत कोठें तरी घोडी बदलली अथवा नोंद चुकली होती. उलट, कित्येक कुलें अखंड खरीं ठरलीं. पुढें २०११ मध्यें प्रसिद्ध झालेल्या शोधानुसार या मूळ माता बहुतेक अरबी होत्या ही समजूतहि टिकली नाहीं. त्यांत ब्रिटन व आयर्लंड येथील देशी घोड्यांचा मोठा भाग होता. बाप पूर्वेचा, आई गांवची, असा हा संयोग होता.

पितृवंशाविषयींचा निष्कर्ष याहून चमत्कारिक आहे. २००१ मध्यें पॅट्रिक कनिंगहॅम यांनीं दाखविलें कीं, आजच्या थरोब्रेड नरांपैकीं सुमारें ९५ टक्के डार्ली अरेबियनच्या पितृवंशांतले आहेत, आणि मातृवंशांपैकीं ७२ टक्के केवळ दहा घोड्यांपाशीं पोंचतात. २०१७ मध्यें बार्बरा वॉलनर यांच्या मंडळीनें ‘वाय’ गुणसूत्राचा अभ्यास करून सांगितलें कीं, थरोब्रेडांचे हे पितृवंश तुर्कमान घोड्यांशीं निकटचे आहेत. २०२० मध्यें अरबी घोड्यांच्या संपूर्ण जनुकसंचाचा जो अभ्यास झाला, त्यांतहि थरोब्रेडांचा वेग अरबी रक्तामुळें आला या मतास आधार मिळाला नाहीं. दोनशें वर्षें ज्या ‘अरबी रक्ताचा’ अभिमान बाळगला, त्याचा मुख्य आधार ‘अरेबियन’ हें नांव एवढाच होता.

सारांश, नोंदवही टाकाऊ नाहीं व वेदवाक्यहि नाहीं. ती जेथें समकालीन आहे तेथें बहुतांशीं खरी. जेथें मागाहून जुळविलेली आहे तेथें संशयित. आणि जेथें तिनें प्रतिष्ठेचें नांव धारण केलें आहे तेथें सर्वांत दुबळी. आपल्या करीन्यांविषयीं आपला अनुभव याहून निराळा नाहीं.

५. पुराव्याचा धागा व गुणाचा धागा

येथें एक विवेक करणें अवश्य आहे, कारण घोड्यांविषयीं लिहिणारे व कुलाविषयीं बोलणारे दोघेहि तो विसरतात. इंग्रज लोक घोड्याचें कुल बापावरून मोजतात. अरब बेदूइन तें आईवरून मोजतात. दोन्ही पद्धतींत पूर्वजांच्या प्रचंड समुदायांतून एकच धागा उचललेला असतो. दहाव्या पिढींत प्रत्येक घोड्यास १०२४ पूर्वजांच्या जागा असतात. त्यांपैकीं शुद्ध पितृपरंपरेंतला एक व शुद्ध मातृपरंपरेंतला एक; उरलेल्या १०२२ जागांचें नांव कुलनामांत येत नाहीं. आणि ‘वाय’ गुणसूत्रावर जनुकें थोडीं असतात. हृदय, फुप्फुसें, स्नायु, अस्थि यांना घडविणारीं बहुतेक जनुकें इतर गुणसूत्रांवर आहेत, जीं प्रत्येक पिढींत नव्यानें पिसलीं जातात.

ह्यावरून असें निघतें कीं, जो धागा न मिसळतां उतरतो तो ओळख पटविण्यास उत्तम, पण त्याच कारणानें गुण सांगण्यास निरुपयोगी. आजचा घोडा एक्लिप्सचा पितृवंशज आहे हें सिद्ध होऊं शकतें; तेवढ्यावरून एक्लिप्सचा वेग त्याच्यांत आहे असें मुळींच होत नाहीं. वंशावळ हा नात्याचा पुरावा आहे; योग्यतेचा दाखला नव्हे.

एकच आईबाप असतांहि संतति कां भिन्न होते, तेंहि येथें स्पष्ट होतें. ३२ जोड्यांतून एकेक गुणसूत्र निवडलें जातांना एका घोड्याच्या बीजांत चार अब्जांहून अधिक भिन्न संयोग संभवतात, आणि गुणसूत्रांच्या परस्पर तुकड्यांची अदलाबदल धरल्यास या संख्येस अंतच राहत नाहीं. १९७३ मध्यें अमेरिकेंत सेक्रेटेरिएट या घोड्यानें दीड मैलाची बेलमाँट शर्यत २ मिनिटें २४ सेकंदांत, प्रतिस्पर्ध्यांस ३१ घोडे-लांबी मागें टाकून, जिंकली. त्याच्या मुलग्यांत त्याच्या तोडीचा धांवणारा निघाला नाहीं. पण त्याच्या मुलींच्या पोटीं ए. पी. इंडी, स्टॉर्म कॅट व गॉन वेस्ट असे नामांकित वंशकर्ते जन्मले. पितृवंशाच्या तक्त्यांत हे तिघे सेक्रेटेरिएटचे कोणीच लागत नाहींत.

६. वेग व अंतर

रंगासारखा गुण थोड्या जनुकांवर अवलंबून असतो, म्हणून त्याचा नियम सोपा आहे. तांबूस रंगाचीं आईबाप असल्यास शिंगरूंहि तांबूसच होतें. तसें न झाल्यास बापाविषयीं शंका घ्यावी. वेग हा असा गुण नव्हे. त्यांत असंख्य जनुकांचा हात आहे. तथापि एका जनुकाचा परिणाम ठळक दिसून आला आहे. अठराव्या क्रमांकाच्या गुणसूत्रावर मायोस्टॅटिन नांवाचें जनुक असून तें स्नायूंच्या वाढीस आळा घालतें. २०१० मध्यें हिल यांनीं दाखविलें कीं, या जनुकाच्या दोन रूपांपैकीं ‘सी’ हें रूप दोन्हीकडून मिळाल्यास घोडा जाड स्नायूंचा, आंखूड पल्ल्याचा होतो. ‘टी’ हें दोन्हीकडून मिळाल्यास दमदार, लांब पल्ल्याचा. आणि एकेक मिळाल्यास मधल्या अंतराचा.

पुढें मिम बोवर, हिल व इतर यांनीं २०१२ मध्यें १७६४ ते १९३० पर्यंत जन्मलेल्या बारा प्रसिद्ध नर घोड्यांच्या अवशेषांची परीक्षा केली. त्या सर्वांत दोन्ही रूपें ‘टी’च निघालीं. ‘सी’ हें रूप थरोब्रेडांत एकाच मूळाकडून, बहुधा एका ब्रिटिश घोडीकडून, आलें व दीर्घकाळ विरळ राहिलें. त्याचा प्रसार विसाव्या शतकांत, मुख्यतः निअर्क्टिक (१९५४) या घोड्याच्या व त्याचा मुलगा नॉर्दर्न डान्सर (१९६१) याच्या वंशाकडून झाला, असा त्यांचा निष्कर्ष आहे.

हा निष्कर्ष इतिहासाशीं किती तंतोतंत जुळतो पाहा. एक्लिप्सच्या काळीं शर्यत चार मैलांची, आणि तीहि एका दिवसांत पुनःपुन्हां धांवण्याची असे. तेव्हां दमदार घोडाच जिंके. १७७६ मध्यें सेंट लेजर, १७७९ मध्यें ओक्स व १७८० मध्यें डर्बी सुरू झाल्या व अंतर कमी होत गेलें. नंतर दोन वर्षांच्या कोंवळ्या घोड्यांच्या आंखूड शर्यती वाढल्या. बक्षीस बदललें तसें रक्त बदललें. रक्तानें शर्यत घडविली नाहीं. शर्यतीनें रक्त निवडलें.

७. किती उतरतें?

‘अमुक गुण इतके टक्के आनुवंशिक’ या विधानाचा अर्थ नीट समजला पाहिजे. एका घोड्याच्या वेगाचा इतका भाग आईबापांचा व इतका चाऱ्याचा, असा तो अर्थ नव्हे. अनेक घोड्यांत परस्परांत जो फरक दिसतो, त्या फरकाचा किती भाग जन्मजात भेदांनीं समजतो, एवढेंच तें सांगतें. १९८८ मध्यें गॅफनी व कनिंगहॅम यांनीं जाणकारांनीं दिलेल्या गुणांकनावरून हा भाग सुमारें एक-तृतीयांश काढला. २००८ मध्यें विल्सन व रँबॉट यांनीं आयुष्यांतील एकूण कमाई हें माप धरून तो सुमारें एक-दशांश काढला, आणि नर घोड्याचें शुल्क अधिक म्हणून त्याची संतति त्या प्रमाणांत सरस होते असें नाहीं, हेंहि दाखविलें. मापें निराळीं, म्हणून आंकडे निराळे. कमाईंत नशीब, मालकाची ऐपत व शर्यतींची निवड हीं अधिक मिसळतात. दोन्ही गणितांचें तात्पर्य मात्र एकच: बराच मोठा भाग शिक्षण, आहार, जमीन, स्वार व योग यांचा आहे. चांगल्या कुलाचें शिंगरूं सामान्यतः श्रीमंताच्या पागेंत जन्मतें, आणि त्या पागेचें श्रेय आपण कुलास देतों.

८. कुलाभिमान व बडोद्याचे घोडे

१९१३ मध्यें इंग्रजी नोंदवहीच्या चालकांनीं असा नियम केला कीं, ज्या घोड्याची वंशावळ सर्व बाजूंनीं पूर्वींच्या खंडांतील घोड्यांपर्यंत पोंचत नाहीं, त्याची नोंद होणार नाहीं. लॉर्ड जर्सी याच्या नांवावरून यास ‘जर्सी ॲक्ट’ म्हणत. कारण शुद्धतेचें सांगितलें गेलें. पण १९०८ च्या जुगारविरोधी कायद्यानें न्यूयॉर्कमधील शर्यती बंद पडत चालल्या होत्या व अमेरिकन घोडे इंग्लंडांत येऊं लागले होते, हें लक्षांत घेतलें म्हणजे वतनाच्या भाऊबंदकीची आठवण होते.

या नियमाच्या शेवटाशीं एका मराठी राजकुलाचा संबंध आहे. बडोद्याचे महाराज प्रतापसिंहराव गायकवाड यांचे घोडे तेव्हां इंग्लंडांत धांवत असत. त्यांचा माय बाबू हा घोडा अमेरिकन रक्ताच्या अंशामुळें इंग्रजी नोंदवहीच्या दृष्टीनें अशुद्ध होता. त्यानेंच १९४८ ची ‘टू थाउजंड गिनीज’ ही मानाची शर्यत जिंकली. त्याच वर्षीं ब्लॅक टार्क्विन या दुसऱ्या तशाच घोड्यानें सेंट लेजर जिंकली. १९४९ मध्यें तो नियम सैल करण्यांत आला. ‘अशुद्ध’ म्हणून बाहेर ठेविलेले घोडे ‘शुद्ध’ म्हणवणाऱ्यांस मैदानांत हरवीत असतां नियम टिकणें शक्य नव्हतें. महाराजांच्या दुसऱ्या घोड्याचें नांव सयाजीराव. त्यास २८,००० गिनी देऊन विकत घेतलें होतें व त्यानें १९४७ ची सेंट लेजर जिंकली. १९४५ ची डर्बी जिंकणारा डांटे हा त्याचा सख्खा भाऊ. असे दोन सख्खे भाऊ एकाच कुलांत निपजणें हें कुलाचें सामर्थ्य दाखवितें; आणि तो प्रसंग इतका विरळा असणें हें त्याची मर्यादा दाखवितें.

९. शुद्धतेची किंमत

मिटलेल्या नोंदवहींत नवें रक्त येत नाहीं, आणि यशस्वी नराकडे सर्वांची धांव असल्यामुळें आंतील रक्तहि आटत जातें. २०२० मध्यें जगांतील दहा हजारांहून अधिक थरोब्रेडांची जनुकपरीक्षा झाली. त्यांपैकीं ९७ टक्क्यांच्या वंशावळींत नॉर्दर्न डान्सर होता, आणि निकटसंबंध गेल्या कांहीं दशकांत वाढत गेल्याचें दिसलें. ऑस्ट्रेलियांतील १,३५,५७२ घोड्यांच्या २०१८ मध्यें प्रसिद्ध झालेल्या अभ्यासांत असें आढळलें कीं, निकटसंबंधानें शर्यतींतील कर्तबगारी घटते. मात्र सर्व पूर्वजांच्या बाबतींत ती सारखी घटत नाहीं. अमेरिकेच्या जॉकी क्लबानें २०२० मध्यें एका नरास वर्षांत १४० हून अधिक घोड्या दाखवूं नयेत असा नियम केला. पण व्यापाऱ्यांच्या विरोधामुळें २०२२ मध्यें तो मागें घ्यावा लागला.

धोका किती सूक्ष्म असतो याचें उदाहरण अमेरिकन क्वार्टर हॉर्स या जातींत आहे. इंप्रेसिव्ह नांवाचा घोडा पिळदार स्नायूंमुळें प्रदर्शनांत अजिंक्य ठरला व त्याची संतति हजारोंनीं पसरली. तिच्यांत अंग थरथरून लुळें पडण्याचा रोग दिसूं लागला. १९९२ मध्यें त्याचें कारण सांपडलें: स्नायूंतील क्षारांचा प्रवाह आंवरणाऱ्या एका जनुकांत दोष असून तो एकाच जनकाकडून आला तरी रोग होतो. तो दोष असलेले घोडे विशेष पिळदार दिसत; म्हणजे परीक्षक बक्षीस देत होते तें कांहीं अंशीं रोगासच. नलाच्या कृश घोड्यांची कथा येथें उलट बाजूनें खरी ठरते.

१०. भीमथडीचा प्रश्न

आतां आपल्या घराकडे वळूं. भीमा, नीरा व माण या नद्यांच्या कांठचे घोडे मराठ्यांच्या सैन्याचा आधार होते. अंगानें लहान, पायानें खंबीर, थोड्या चाऱ्यावर लांब मजल मारणारें हें जनावर देशी घोड्या व बाहेरून आलेले अरबी-तुर्की नर यांच्या संयोगानें झालें, अशी परंपरा आहे. ती खरी असल्यास भीमथडी व थरोब्रेड यांची घडण एकाच रीतीची ठरते. बाप पूर्वेचा किंवा पश्चिमेचा, आई गांवची. फरक पडला तो परीक्षेंत. तिकडे मैदानावरील एका दिवसाची धांव हा निकष. इकडे घाटांतील महिनोगणतीची मोहीम हा निकष. आणि दुसरा फरक दप्तरांत: आमच्या पागांच्या कागदांत घोड्याचा रंग, खूण व किंमत यांस महत्त्व आहे, आईबापांस नाहीं.

मोहिमा संपल्या, पुढें रस्त्यांवर मोटारी आल्या, आणि हें जनावर मुख्यतः ओझें वाहण्यासाठीं धनगर व इतर फिरत्या मेंढपाळांच्या हातीं राहिलें. २०२३-२४ च्या सुमारास कर्नाळ येथील राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन संस्थेनें भीमथडी ही स्वतंत्र जाति म्हणून नोंदविली. आज जिवंत असलेल्या जनावरांवरूनच पुढील नोंदवही सुरू व्हावयाची असल्यानें तिच्या आरंभीं होणाऱ्या चुका कायमच्या होतील. थरोब्रेडांची भारतांतील नोंदवही पुण्याहूनच राखली जाते, व तींत पितृत्वाची खात्री जनुकपरीक्षेनें करून घेतली जाते. तेव्हां साधनांचें ज्ञान परकें नाहीं.

वरील विवेचनावरून चार गोष्टी सुचतात. पहिली, प्रत्येक शिंगराची नोंद जन्माबरोबर, आई व बाप दोघांच्या नांवांनिशीं व्हावी, आणि तिला जनुकपरीक्षेची जोड असावी. मागाहून जुळविलेली वंशावळ विश्वसनीय नसते. दुसरी, एकदोन देखण्या नरांकडे सर्व घोड्या न नेतां पुष्कळ नर व पुष्कळ मातृवंश राखावेत. आज जें सामान्य वाटतें त्यांतच उद्यां लागणारा गुण असूं शकतो, जसा ‘सी’ हें रूप दोन शतकें एका कोंपऱ्यांत पडून होतें. तिसरी, उंची, रंग किंवा भोंवरा यांवर बक्षिसें ठेवूं नयेत. लांब मजल, चढ, ओझें व थोडा चारा यांवर ठेवावींत, कारण बक्षीस ज्यास मिळतें तेंच रक्त पुढें वाढतें. चौथी, मेंढपाळ कुटुंबांतील वृद्ध स्त्रीपुरुषांस आपल्या घोड्यांच्या तीनचार पिढ्या तोंडपाठ असतील, तर त्या आतांच लिहून घ्याव्यात. हें काम पशुवैद्यांइतकेंच आपल्यासारख्या मंडळांचें आहे. कागद गोळा करण्यास आपण खेडोपाडीं हिंडतों. हा कागद अद्याप लिहिलाच गेलेला नाहीं, व तो सांगणारे फार दिवस राहणार नाहींत.

११. निष्कर्ष

समकालीन नोंद सामान्यतः विश्वसनीय असते, प्रतिष्ठेची नोंद सामान्यतः संशयास्पद असते, व दोहोंची परीक्षा आतां शक्य आहे. कुलाचा गुणाशीं संबंध आहे. पण तो पितृनामाच्या एका धाग्यानें सांगतां येत नाहीं, व त्याचा अंश लोक मानतात त्याहून पुष्कळ लहान आहे. कुल बंद केल्यानें गुण वाढत नाहीं. गुणाची खरी परीक्षा चालू ठेवल्यानें वाढतो, आणि बंद कुलांत दोषहि गुणाचें रूप घेऊन वाढतो. कौटिल्यानें कुल, शरीर व काम हीं तीन सदरें वेगळीं ठेविलीं होतीं. नंतरच्यांनीं कधीं कुलासच काम मानलें, कधीं भोंवऱ्यासच कुल मानलें. हीं सदरें पुन्हां वेगळीं करणें, हेंच भीमथडीच्या नोंदवहीचें पहिलें पान होय.